सात बरण्या

बरणीचं झाकण ‘टक्’ करून उघडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

सासूने झाकण उलटं केलं, आतून चिकटपट्टीने लावलेली नखाएवढी पिशवी सोडवली, तिच्यातली पांढरी गोळी जिभेवर ठेवली आणि बरणीतल्या घट्ट मिश्रणाचा पहिला चमचा तिच्यामागोमाग धाडला. सून ओट्याला टेकून उभी होती. हातात चहाचा कप, पण लक्ष सगळं सासूच्या घशाकडे. घास खाली उतरला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. गेले बारा आठवडे तिची सकाळ अशीच उजाडत होती.

“आज येणार ना गं रिपोर्ट?” सासूने विचारलं.

“दहापर्यंत फोनवर येईल. तुम्ही नका काळजी करू, आई. आकडा खाली आलेलाच असणार. जाईल कुठे?”

सासू हसली. हल्ली तिचं हसू जरा उशिरानेच चेहऱ्यावर पोचायचं, कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखं. डोळ्यांखाली सूज होती. खिडकी सताड उघडी होती, बाहेर सकाळपासूनच उकडायला लागलं होतं, आणि सासूने मात्र लोकरीचा स्वेटर गळ्यापर्यंत लावून घेतला होता. सुनेला हे दिसत नव्हतं असं नाही. पण जन्मभर लोणी खाल्लेल्या जिवाचं लोणी काढून घेतलं की अंग थोडं कुरकुरणारच, अशी तिने स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

चार महिन्यांपूर्वी सासूच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल एकशे बहात्तर निघालं होतं. आकड्याने कुणी घाबरलं नसतं, पण सासूची थोरली बहीण आदल्याच वर्षी दोरीवर कपडे वाळत घालता घालता छातीला हात लावून खाली बसली होती ती परत उठलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर सासूच्या पोटऱ्या अशा भरून यायला लागल्या की शिलाई मशीनचं पायडल दाबवेना. घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे उसवून बेतात आणायचं काम ती तीस वर्षं करत आली होती. पाय थांबले म्हणजे तीच थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या दुसरी गोळी देऊन बघू, आणि सासूने हात जोडले. त्या वेळी सून मधे पडली. मला बारा आठवडे द्या, मी खाण्यावर आणून दाखवते, असं ती बोलून गेली. बोलताना आपला आवाज एवढा ठाम कुठून आला हे तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाई तयार झाल्या, पण अटीवर. ओट्स, जव, कडधान्यं, जवस, बदाम, सोयाबीनचं दूध, इसबगोल. लोणी आणि बेकरीचा माल बंद. आकडा एकशे तीसच्या खाली यायला हवा. नाही आला तर गोळी, आणि मग वाद नाही.

नणंद तेव्हा शेजारच्याच खुर्चीत होती. ती बाहेर येईपर्यंत काही बोलली नाही, आणि मग पर्स बंद करता करता म्हणाली, “बारा आठवडे ना? ठीक आहे. नाही जमलं तर आईला मी घेऊन जाणार. तुझी नोकरी, तुझं पोर, वर हे पथ्य. कुठे कुठे पुरणार गं तू?” शब्द सगळे मायेचे होते, पण टोचायचं तिथे बरोबर टोचले. नवरा जहाजावर इंजिनखोलीत, वर्षातले आठ महिने पाण्यावर. जाताना तो एवढंच म्हणाला होता, आईला सांभाळ. सुनेने ते वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं जपून ठेवलं होतं.

ती काम करायची त्या कारखान्यात कपाटं आणि पलंग सुट्या भागांत बनायचे. प्रत्येक खोक्यात एक छोटी पिशवी जायची आणि ती पिशवी भरणं हे तिचं काम. बारा स्क्रू, आठ खुंट्या, चार बिजागऱ्या, स्क्रू पिळायची एक किल्ली. एखादा स्क्रू जरी राहिला तरी कुणाच्या तरी घरी जमिनीवर पसरलेला पलंग तसाच राहायचा. म्हणून तिच्या टेबलासमोर भिंतीवर लिहिलेलं होतं: ‘एक पिशवी, पूर्ण सामान’. आठ वर्षांत तिच्या हातच्या पिशवीची एकही तक्रार आली नव्हती. सगळ्याजणी तिला ‘पूर्ण सामान’ म्हणूनच चिडवायच्या, आणि तिला ते मनातून आवडायचं.

मग घरी तरी ती दुसरं काय करणार? पहिल्याच रविवारी तिने सात बरण्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीत मोजून ओट्स, दळलेलं जवस, इसबगोल, वर सहा बदाम. आदल्या संध्याकाळी सोयाबीनचं दूध ओतलं की सकाळी तयार. त्यातच तिची नजर सासूच्या थायरॉईडच्या गोळ्यांवर गेली. अकरा वर्षं सासू ती गोळी घेत होती. मागे एकदा घ्यायची राहिली तर नणंदेने केवढं पुराण लावलं होतं. सुनेने सरळ कात्री घेतली, गोळ्यांची पट्टी कापली, कारखान्यातल्या टाकाऊ पिशव्यांतून सगळ्यांत लहान पिशव्या निवडल्या आणि एकेक गोळी एकेका झाकणाच्या आत चिकटवून टाकली. एक बरणी, पूर्ण सामान. आता विसरायला जागाच नव्हती.

सासू तेव्हा दारात उभी राहून बघत होती. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं होतं, आणि मग मिटलं होतं. सुनेला वाटलं होतं, कौतुक करायचं असेल.

शनिवार होता, कारखान्यात अर्धा दिवस. दहा वाजून पाच मिनिटांनी तिच्या ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि रिपोर्ट उघडला.

एकशे अठ्ठ्याण्णव.

तिने नाव तपासलं, वय तपासलं, तारीख तपासली. मग एकशे अठ्ठ्याण्णव पुन्हा वाचलं. आकडा खाली येणं राहिलं बाजूला, तो सव्वीसने वर चढला होता. शेजारची बाई म्हणाली, काय गं, पाणी देऊ का? तिने मान हलवली आणि पुन्हा स्क्रू मोजायला घेतले. नऊ, दहा, अकरा. पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी आठ वर्षांत पहिल्यांदा पर्यवेक्षिकेने तिच्या ट्रेमधली पिशवी उचलून परत तिच्या पुढ्यात ठेवली. आत तीनच बिजागऱ्या होत्या.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपण काही चुकलो नाही. प्रत्येक बरणी आपल्या हातची. दुपारी डाळींचं सूप, रात्री जवाची पेज आणि भाज्या, घरात लोण्याचा वास नाही. मग हे आलं कुठून? उत्तर एकच होतं, आणि ते मनात येताच तिला स्वतःची लाज वाटली, पण उत्तर काही गेलं नाही. आई चोरून खातात.

सासू मागच्या अंगणात कपडे काढत होती. सुनेने चपलाही न काढता पुढची खोली गाठली. मशीनचा वरचा खण उघडला: रिळं. खालचा: बटणं, खडू, मोजपट्टी. गिऱ्हाइकाच्या कोटांमागे हात घातला, कापडाच्या गाठोड्यांत चाचपलं. सहा वर्षांची लेक, जिला बदाम कुरतडण्याच्या सवयीवरून सगळे खारू म्हणायचे, दारात येऊन उभी राहिली.

“आई, तू आजीचं काय घेतेस?”

“काही नाही. खारू, खरं सांग. आजी तुझ्यासमोर बिस्किटं खाते? केक? शेजारच्या काकू काही आणून देतात?”

खारूने विचार केला. ती या कामावर नेमलेलीच होती. पहिल्याच आठवड्यात सुनेने तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, आजी काय काय खाते त्यावर जरा लक्ष ठेव हं, आणि मला हळूच सांग, आपलं दोघींचं गुपित. शेवटी खारूने मान हलवली. आजी काहीच खात नाही. आजी नुसती झोपते.

“कसली शोधाशोध चाललीय?”

सासू कपड्यांची रास छातीशी धरून उभी होती. सुनेचा हात अजून खणातच होता.

“कात्री,” सून म्हणाली.

सासूने मशीनकडे पाहिलं. कात्री मशीनवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडली होती. तिने ती उचलली, मुठीकडची बाजू पुढे करून सुनेच्या हातात दिली आणि कपडे घेऊन आत गेली. सून कात्री हातात घेऊन तिथेच उभी राहिली. कापायला काहीच नव्हतं.

जेवताना तिने रिपोर्ट सांगितला. सासूने चमचा खाली ठेवला नाही, फक्त तो मधेच थांबला. मग ती म्हणाली, बरं. त्या एका शब्दावर दोघींचं जेवण संपलं.

दवाखान्यात वेळ पाचची होती. नणंद आधीच येऊन बसली होती. तिने आकडा ऐकला, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं की माडीवरची खोली झाडूनपुसून ठेवलीय, आजच निघायचं. उपाशी ठेवून ठेवून काय अवस्था केलीय हिची, हे ती भिंतीकडे बघून म्हणाली, पण भिंतीला काही ते लागलं नाही. खारूला नणंदेजवळ ठेवून सून सासूला घेऊन आत गेली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि पिशवीत उद्याची, रविवारची बरणी, दुपारीच दूध ओतून ठेवलेली, अजून न उघडलेली. आपण काही हयगय केली नाही याचा तिच्याकडे एवढाच पुरावा होता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, मग रिपोर्ट बाजूला ठेवून सासूला वाचायला सुरुवात केली. पापण्या दाबून पाहिल्या, हाताच्या कोरड्या पडलेल्या कातडीवरून अंगठा फिरवला, नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिल्या. थंडी वाजते का? झोप फार येते का? आवाज असा जड कधीपासून झालाय? सासू उत्तरं देत गेली.

“थायरॉईडची गोळी चालू आहे ना?”

“रोज,” सून चटकन म्हणाली. “एक दिवस चुकलेली नाही. हे बघा.” तिने बरणी काढून टेबलावर ठेवली. “सगळं एकत्रच ठेवते, म्हणजे विसरायला नको.”

डॉक्टरीणबाईंनी झाकण फिरवलं. टक्. झाकणाच्या आत चिकटवलेल्या पिशवीतली गोळी पाहिली, मग बरणीतल्या मिश्रणात चमचा बुडवून वर उचलला. इसबगोल फुगून त्याची जाड तार निघत होती.

“गोळी यासोबत घेतात?”

“हो. पहिल्या घासालाच.”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे समजावून सांगू लागल्या. ही गोळी नाजूक असते, रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबरच ती नीट अंगी लागते. इसबगोल आणि सोयाबीन तिला आतल्या आत धरून ठेवतात, आणि बरीचशी गोळी तशीच बाहेर जाते. थायरॉईड कमी पडलं की अंग सुस्तावतं, सूज येते, थंडी वाजते, आणि कोलेस्टेरॉल चढतं. सोमवारी रक्त तपासून खात्री करून घेऊ, पण समोर दिसतंय ते असंच आहे.

चौऱ्याऐंशी बरण्या. समोरची एक सोडली तर त्र्याऐंशी वेळा तिने तो घास उतरताना पाहिला होता.

“म्हणजे खाणं चुकलं?” तिने कसंबसं विचारलं.

खाणं चुकलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चुकली ती वेळ. बरणी चालू ठेवा, पण उठल्याबरोबर गोळी आणि पाणी, ओट्स तासाभराने. इसबगोल आणि सोयाबीन तर दुपारच्या पुढेच. आठ आठवड्यांनी सगळं परत बघू. कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी लागेल की नाही, ते तेव्हा. थायरॉईड पडलेलं असताना ती दिली तर पाय आणखी दुखतील. मग त्या सासूकडे वळल्या. “पण तुम्हाला तर माहीत होतं ना? अकरा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं, रिकाम्या पोटी म्हणून.”

सासू आपल्या बोटांकडे बघत राहिली. सुईने टोचून टोचून राठ झालेली बोटं.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पण ही रविवारी एवढी मन लावून भरत बसायची. पोरीला शेजारी बसवून एकेक बदाम मोजायची. म्हटलं, एका गोळीने काय एवढं बिघडतंय. हिचा हिरमोड कशाला करू?”

सुनेला एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याच वेळी सासूचा संतापही आला. तिने बरणीचं झाकण लावलं आणि ती पिशवीत ठेवली.

बाहेर नणंद उभीच होती. सासूने सुनेला बोलूच दिलं नाही. माझंच चुकलं, तिने लेकीला सांगितलं, थायरॉईडची गोळी मी नीट घेत नव्हते, हिचा काही दोष नाही. नणंदेने सुस्कारा सोडला आणि तेच तर, लक्ष द्यायला कुणी नको का, असं म्हणून आईचा दंड धरला. प्रश्न मिटला होता. सुनेने नुसतं गप्प राहायचं होतं.

“ताई, तसं नाही,” ती म्हणाली. “गोळी मी त्यांना ओट्सबरोबर देत होते. मीच झाकणात चिकटवायचे. तशी लागू पडत नाही, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.”

नणंदेचा हात दंडावर तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत बारा आठवड्यांचं सगळं बोलणं जमा होऊन आलं, पण बहुधा एवढं सरळ काही ऐकायची तिची तयारी नव्हती. शेवटी ती म्हणाली, “मग तर आईला न्यायलाच हवं.”

“मी काय बिजागरी आहे का गं?” सासू म्हणाली. जड आवाजातही त्यात जुनी धार होती. “हिने बरणीत भरलं, आता तू गाडीत भर. माझी मशीन तिकडे आहे. गिऱ्हाइकांचे तीन कोट उसवून पडलेत. आठ आठवडे मी माझी गोळी माझ्या हाताने घेईन. मग बघा दोघी.”

नणंदेने डोळे पुसले, आठ आठवडे, एक दिवस वर नाही, असं बजावलं आणि खारूच्या गालाचा मुका घेऊन ती गेली.

घराकडे चालताना खारू पुढे फरशा ओलांडत उड्या मारत होती. सासू सावकाश चालत होती, सून तिच्या चालीने. कोपऱ्यावर सासू दम घ्यायला थांबली.

“दुपारी कात्री नव्हतीस ना शोधत?”

सुनेने मान खाली घातली. “नाही, आई. बिस्किटं शोधत होते.”

“सापडली असती तर तुला बरं वाटलं असतं.”

“हो,” सून म्हणाली. त्यापेक्षा खरं तिला काही सुचलं नाही. सासूने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दोघी पुन्हा चालू लागल्या. सुनेला वाटलं, सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं.

घरी आल्यावर तिने रिकाम्या बरण्यांची झाकणं टेबलावर उलटी मांडली आणि चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढायला बसली. रविवारची गोळी तिने एका छोट्या डबीत घालून सासूच्या उशाशी, पाण्याच्या पेल्याजवळ ठेवली. अकरा वर्षं होती तिथेच. पुढच्या खोलीत मशीन सुरू झाली होती. थोडी चालायची, थांबायची, पुन्हा चालायची.

खारू वही घेऊन शेजारी आली. “आई, हे बघ. आजीचं सगळं.”

लिहायला अजून नीट येत नव्हतं म्हणून तिने चित्रं काढली होती. रोज एक पान. बरणी, सूपचा वाडगा, सफरचंद. बिस्किट कुठेच नव्हतं. एका पानावर अर्धं होतं, त्याच्याखाली खारीची शेपटी होती, म्हणजे ते खारूचं स्वतःचं. आणि प्रत्येक पानावर, प्रत्येक बरणीच्या झाकणावर पेन्सिलीने गिरवलेला एक पांढरा गोल. सुनेने पानं उलटली. मधल्या पानांपासून आजीच्या अंगात स्वेटर आला होता. शेवटच्या दहा-बारा पानांत आजीचे डोळे नव्हतेच, त्यांच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. कुठल्या दिवसापासून काय बिघडत गेलं, ते सगळं सहा वर्षांच्या हाताने मांडून ठेवलं होतं. तिने कधी वही उघडून पाहिली नव्हती. ती नुसतं विचारत आली होती, बिस्किट खाल्लं का?

“छान काढलंयस,” ती पुटपुटली. “आता पुरे हं. वही ठेवून दे.”

“पण आजीने चोरून काहीच नाही खाल्लं.”

“हो गं राणी. हळू बोल.”

पुढच्या खोलीतली मशीन थांबली. धागा तुटला असेल, सुनेने स्वतःला सांगितलं. धागा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, त्याहून जास्त गेला. मशीन सुरू झाली नाही. पोरीला पाळतीवर ठेवल्याचं तेवढं सासूला सांगायचं राहिलं होतं. खारूने वहीचं नवं, कोरं पान काढलं, पेन्सिल ओठांना लावली आणि वर पाहून तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं,

“मग आता मी कुणावर लक्ष ठेवू, आई? तुझ्यावर?”